‘जैसे थे’चा नियम आणि महाडचे पाणी

विज्ञानकथेवर आधारलेली दूरचित्रवाणी मालिका हा बौद्ध अध्ययनाच्या पानांचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही वाचकांना येणे स्वाभाविक आहे. आम्हांलाही ती आली होती. परंतु गेल्या वर्षावासात आमच्या विहारातील रविवारच्या अभ्यासवर्गात एक वाद उत्पन्न झाला आणि तो तीन आठवडे मिटला नाही. त्या वादातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते. वाद झाला तो ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेतील एका नियमावरून. वाद करणारी मंडळी होती रायगडच्या किनाऱ्यावरची. म्हणजे ज्या जिल्ह्याने, त्या काळी तो कुलाबा जिल्हा होता, १९२७ साली चवदार तळ्याचा संगर पाहिला त्या जिल्ह्यातली. त्यामुळे चर्चा अंतराळात फार वेळ राहिली नाही.

मालिकेची थोडक्यात ओळख करून देणे इष्ट होईल. जीन रॉडनबेरी यांनी निर्माण केलेली मूळ मालिका १९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेत प्रसारित झाली. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने ती दाखविली आणि आमच्या पिढीतील अनेकांनी ती शेजारच्या घरी दाटीवाटीने बसून पाहिली आहे. १९८७ ते १९९४ या काळात तिचा दुसरा अवतार आला, पुढेही नवे अवतार येत राहिले, आणि आजची मुले ते सारे हातातील मोबाइलवर पाहतात. ‘एंटरप्राइज’ नावाची एक नौका तारकामंडळांतून प्रवास करते, नवनवे ग्रह आणि समाज पाहते, असे तिचे स्वरूप. या नौकेवरील अधिकाऱ्यांवर एक बंधन आहे. जो समाज अद्याप अंतराळप्रवासाच्या पायरीपर्यंत आलेला नाही, त्याच्या स्वाभाविक वाटचालीत ढवळाढवळ करावयाची नाही. शक्यतो आपले अस्तित्वही त्यास कळू द्यावयाचे नाही. या नियमाला ‘प्राइम डिरेक्टिव्ह’ असे नाव आहे. आपण त्यास आद्य आदेश म्हणू. प्रत्यक्षात कप्तान तो वारंवार मोडतात, हा भाग वेगळा. मोडला नाही तर कथा घडणार कशी?

हा नियम केवळ उपहासाचा विषय नव्हे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. अमेरिका व्हिएतनाममध्ये खोल रुतत चालली होती त्या वर्षांत तो एका अमेरिकन मालिकेत अवतरला. दुसऱ्याच्या भूमीवर जाऊन त्याचे ‘कल्याण’ करण्याचा अहंकार किती विनाशक असतो याची जाणीव त्यामागे आहे. १९८९ च्या एका भागात एका साध्यासुध्या ग्रहावरील लोक चुकून कप्तान पिकार्डला देव समजू लागतात आणि त्या समजातून मानवी बळी देण्यापर्यंत मजल जाते. पिकार्ड जिवावर उदार होऊन आपण देव नाही हे त्यांना पटवितो. तथागतांनी स्वतःस मोक्षदाता म्हणवून घेतले नाही, ते केवळ मार्गदाता राहिले, हे बाबासाहेबांनी ज्यांच्या मनावर ठसविले आहे त्या वाचकांना तो प्रसंग आपलाच वाटेल. आम्हांलाही वाटला. बलवंताने स्वतःला आवर घालणे हा सद्गुणच आहे. प्रश्न उरतो तो असा, की त्याने आवर कशास घालावयाचा.

आमच्या वर्गात वाद पेटला तो याच मालिकेतील १९८९ च्या दुसऱ्या एका भागावरून. नौकेवर डेटा नावाचा एक यंत्रमानव अधिकारी आहे. त्याला बिनतारी संदेशातून एका लहान मुलीचा आवाज ऐकू येतो. बाहेर कोणी आहे काय, असे ती विचारते. तो उत्तर देतो, आणि दोघांचे बोलणे सुरू होते. तिचा ग्रह भूगर्भातील उलथापालथीने फुटण्याच्या बेतात आहे. एंटरप्राइजपाशी तो वाचविण्याची साधने आहेत. अधिकारी कप्तानाच्या दालनात जमतात आणि खल करतात. विश्वाची काही योजना असेल तर तीत हात घालणारे आपण कोण, असाही एक मुद्दा निघतो. निर्णय होतो की संपर्क तोडावा. तेवढ्यात त्या मुलीचा घाबरलेला आवाज दालनातच ऐकू येतो आणि कप्तानाचे मन पालटते. आतापर्यंत जे दुरून पाहिलेले संकट होते ते आता मदतीची हाक झाले, हाकेला पाठ दाखविता येत नाही, असा त्याचा विचार. ग्रह वाचतो. मग कप्तानाच्या आज्ञेने त्या मुलीची या सर्व प्रसंगाची स्मृती पुसून टाकण्यात येते आणि तिला झोपेतच घरी सोडले जाते.

एका तरुणाने सांगितले, हा नियम म्हणजे उपेक्षा, चौथा ब्रह्मविहार. ज्ञानी पुरुष पाहतो, जाणतो, परंतु डगमगत नाही. दुसरा, जो महाडकडचा आहे, तो म्हणाला की ही उपेक्षा नव्हे, हा राणीचा जाहीरनामा आहे. कोपऱ्यात बसलेल्या एका आजींचा प्रश्न मात्र सर्वांहून वेगळा होता. पोरीला वाचवली ते बरे केले, पण तिची आठवण का पुसली? या तिन्ही बोलण्यांकडे आम्ही एकामागून एक पाहू इच्छितो. परंतु आरंभ मधल्यापासून करणे सोयीचे होईल.

१ नोव्हेंबर १८५८ रोजी राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा या देशात वाचला गेला. प्रजेच्या धर्मश्रद्धेत व उपासनेत अधिकाऱ्यांनी कोणताही हस्तक्षेप करू नये, अशी त्यात सक्त ताकीद होती. सत्तावनच्या उठावाने भ्यालेल्या राज्यकर्त्यांचा तो शहाणपणा होता. कागदावर तो आद्य आदेशाहून फारसा निराळा नाही. एक प्रबळ, दूरवरून आलेली, नौकांतूनच आलेली सत्ता म्हणते की तुमच्या रूढींना आम्ही हात लावणार नाही. पण ज्यांच्या ‘रूढी’ अबाधित राहिल्या ते कोण, आणि त्या रूढींखाली जे दबलेले होते ते कोण? विहीर सवर्णांची राहिली, हा हस्तक्षेप न करण्याचाच परिणाम होता.

याच सरकारने या किनाऱ्यावर कोठे कोठे हस्तक्षेप केला ते पाहिले म्हणजे नियमाची खरी जात कळते. पेण-उरणच्या मिठागरांत पिकलेल्या मिठावर कर बसविताना कोणाच्या परंपरेची चाड त्याला वाटली नाही. १८७८ च्या आबकारी कायद्याने ताडी काढणाऱ्यांच्या झाडांवर कराचे ओझे टाकताना वाटली नाही. चिरनेरच्या जंगलात २५ सप्टेंबर १९३० रोजी सत्याग्रहींवर गोळ्या झाडतानाही वाटली नाही. महारांना तर सरकारने आधी सैन्यात घेतले, त्यांच्याकडून लढाया लढवून घेतल्या आणि १८९० च्या दशकात त्यांची भरती बंद केली. महाडजवळच्या रावढळचे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला तो याच काळात. ज्याला हस्तक्षेप म्हणत तो मीठ, माड, जंगल आणि पलटण या सर्वांत होता. नव्हता तो फक्त पाणवठ्यावर.

मालिकेवरील आमचा मुख्य आक्षेप येथे उभा राहतो. तिच्यातील नौका ग्रहाभोवती घिरट्या घालते, वरून पाहते, आणि त्या ग्रहाच्या दशेत तिचा स्वतःचा कसलाही वाटा नसतो. म्हणून हात घालावा की घालू नये हा प्रश्न तिच्या कप्तानापुढे कोरा करकरीत येतो. इतिहासात असा कोरा प्रश्न कोणत्याही बलवंतापुढे आलेला आम्हांस ठाऊक नाही. जो विचारतो की ‘मी मध्ये पडू का?’, तो बहुधा कधीचाच मध्ये उभा असतो. कोणाच्या तरी खांद्यावर.

महाडची हकीकत वाचकांस परिचित आहे. तरी या दृष्टीने ती पुन्हा पाहावी. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. सरकारने परिपत्रक काढले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे वरपासून खालपर्यंत सर्व कागद तयार होते आणि एकही अस्पृश्य त्या तळ्यावर जाऊ शकत नव्हता. १९२६ साली बोले यांनाच दुसरा ठराव आणावा लागला, की जी नगरपालिका अंमल करणार नाही तिचे अनुदान रोखावे. सरकारने हक्क मान्य केला. तो बजावण्यासाठी हात मात्र उचलला नाही. हक्क मान्य करणे आणि तो बजावण्याची वेळ आली की बाजूला उभे राहणे, ही हस्तक्षेप न करण्याची अधिक सुधारलेली तऱ्हा होय.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागून हजारो लोक रांगेने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्या परिषदेच्या उभारणीत दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे होते, अनंतराव चित्रे होते, सुरेंद्रनाथ टिपणीस होते. पुढे अफवा उठली, परतणाऱ्या व जेवणाऱ्या लोकांवर हल्ला झाला, आणि तळे पंचगव्याने ‘शुद्ध’ करण्यात आले. काही हल्लेखोरांना नंतर शिक्षा झाल्या, हेही नमूद केले पाहिजे. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने १९२४ चा ठराव रद्द केला. बोले ठरावास त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. परिषदेला जागा कोणी देईना, ती फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी दिली. १२ डिसेंबरला सनातनी मंडळींनी दिवाणी दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. निकाल लागेपर्यंत सर्व काही ‘जैसे थे’ ठेवावे.

‘जैसे थे’. आमच्या मते आद्य आदेशाचे याहून चांगले मराठी भाषांतर होणार नाही. न्यायाधीश म्हणतो, मी कोणाच्याच बाजूने नाही, केवळ आहे ते राहू द्या. पण जे आहे तेच तर एका बाजूचे आहे. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. सत्याग्रह मात्र, प्राण देण्यास सिद्ध झालेले हजारो लोक समोर बसलेले असताना, बाबासाहेबांनी तहकूब केला. मनाई हुकूम मोडला असता तर लढा सवर्णांशी न राहता सरकारशी झाला असता, हे त्यांनी ओळखले. दावा मग चालतच राहिला. महाडच्या न्यायालयाचा निकाल १९३१ साली, ठाण्याच्या अपिलाचा १९३३ साली, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा १७ मार्च १९३७ रोजी लागला. तिन्ही ठिकाणी सनातनी हरले. त्यांनी सांगितलेली पुरातन वहिवाट सिद्धच होऊ शकली नाही. एक ओंजळ पाणी आणि दहा वर्षे. महाडजवळच गंधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत तेथे विष्णुपालित नावाच्या एका कुमाराने लेणे दान केले आणि त्याबरोबर पाण्याची टाकीही दान केली, असे तेथील शिलालेख सांगतो. ‘पुरातन वहिवाट’ शोधणाऱ्यांनी तेवढे चढून जायला हरकत नव्हती.

नोव्हेंबर १९३० मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी ब्रिटिशांना याचाच हिशेब विचारला. तुम्ही येण्यापूर्वी आम्हांला गावच्या विहिरीवर मज्जाव होता, तो तुम्ही दूर केलात काय? देवळाचे दार, पोलिसातील व लष्करातील नोकरी, यांविषयीही त्यांनी तसेच विचारले. त्या भाषणाचा सूर ध्यानात घेण्यासारखा आहे. त्यात याचना नाही. आम्हांला वाचवा असे ते म्हणत नाहीत. तुम्ही वाचविले नाहीत, म्हणून राजकीय सत्ता आमच्या हाती येऊ द्या, असे म्हणतात. मालिकेच्या लेखकांना हा तिसरा मार्ग क्वचितच सुचतो. त्यांच्या कथेत एक तर नौका वाचविते किंवा नौका निघून जाते. ग्रहावरील लोक दोन्ही वेळा खालीच असतात.

‘क्वचितच’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला, कारण मूळ मालिकेतील २८ फेब्रुवारी १९६९ चा ‘द क्लाउड माइंडर्स’ हा भाग वाचकांनी अवश्य पाहावा असा आहे. स्ट्रॅटॉस नावाचे नगर ढगांत तरंगते. तेथील लोक कलासक्त, मृदुभाषी. आपण हिंसा समाजातून नाहीशी केली असे ते अभिमानाने सांगतात. त्यांच्यासाठी खाली जमिनीत झेनाइट नावाचे खनिज खणणाऱ्या ट्रॉग्लाइट लोकांना ते जन्मतः मंदबुद्धी समजतात. त्यांना प्रकाश सोसत नाही, सौंदर्य कळत नाही, असे मानतात. आणि त्यांच्यातील व्हाना नावाची बंडखोर स्त्री हाती लागताच हेच हिंसामुक्त लोक तिचा छळ करतात. नौकेवरील डॉक्टरला आढळते की खनिजातून निघणाऱ्या एका वायूने खाणीतील माणसांची बुद्धी मंदावते आणि राग अनावर होतो. खाणीबाहेर काढले की ती इतरांसारखीच असतात. वायू अडविणारे मुखवटे दिले की प्रश्न सुटला. नगरप्रमुख मुखवटे नाकारतो आणि कप्तान कर्कला बजावतो की आमच्या कारभारात लुडबूड करू नका. हा ग्रह संघराज्याचा सदस्य असल्याने आद्य आदेश येथे अक्षरशः लागू होत नाही, पण युक्तिवाद तोच. तेव्हा कर्क त्या प्रमुखालाच खाली खाणीत आणवितो, वाट बंद करतो, आणि काही तासांत तो सुसंस्कृत गृहस्थ वेड्यासारखा भांडू लागतो.

वर्णव्यवस्थेवर याहून नेमके रूपक पाश्चात्त्य दूरचित्रवाणीवर आम्ही तरी पाहिलेले नाही. गुण जन्मातून येत नाहीत, ज्या हवेत माणसाला कोंडले आहे तीतून येतात, हे सांगण्यासाठी लेखकाने ग्रंथ रचला नाही. एका ब्राह्मण्यवाद्याला त्या हवेत चार तास बसविले. त्या भागाचे आणखी एक बलस्थान असे की नौका येथे निर्लेप नाही. दुसऱ्या ग्रहावरील वनस्पतींचा रोग आटोक्यात आणण्यासाठी तिला झेनाइट हवे आहे. म्हणजे खाणीतल्या श्रमाची तीही गिऱ्हाईक आहे. वायूच्या युक्तीत मात्र एक खोट आहे, आणि ती वर्गात एका मुलीने दाखविली. ट्रॉग्लाइट खरोखरच मंद झालेले आहेत, असे कथा गृहीत धरते. आमचे आजे-पणजे कोणत्याही वायूने मंद झालेले नव्हते. तळ्याचा हक्क सिद्ध करण्यासाठी त्यांना कोणत्या डॉक्टरच्या दाखल्याची गरज नव्हती.

आता उपेक्षेचा प्रश्न. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार ब्रह्मविहारांत उपेक्षा शेवटी येते, हा क्रम काही योगायोग नव्हे. आचार्य बुद्धघोषांच्या विशुद्धिमग्गात पहिल्या तिन्हींची भावना पक्व झाल्यावर उपेक्षेत प्रवेश सांगितला आहे. त्याच ग्रंथात प्रत्येक ब्रह्मविहाराचा एक दूरचा व एक जवळचा शत्रू दाखविला आहे. उपेक्षेचे दूरचे शत्रू राग आणि द्वेष. ते कोणालाही ओळखू येतील. जवळचा शत्रू मात्र तिच्यासारखाच दिसतो. तो म्हणजे अज्ञानातून आलेली बेफिकिरी. मराठीत तर भाषेनेच घात केला आहे. आपण ‘उपेक्षा’ म्हणतो तेव्हा आपल्याला तो जवळचा शत्रूच अभिप्रेत असतो. ‘उपेक्षित समाज’ म्हणताना पालीतील चौथा ब्रह्मविहार कोणाच्याही मनात येत नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्षू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला असतो. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नाही. तथागत आनंदाकडून पाणी आणवितात, स्वतः ते त्याच्या अंगावर ओततात, आनंद त्याला धुतो, आणि दोघे मिळून त्याला उचलून खाटेवर ठेवतात. मग संघाला बोलावून विचारणा होते. त्या विहारातील भिक्षू काही क्रूर नव्हते. ते ‘जैसे थे’ होते. आणि त्याही आधीचा, धम्माच्या उगमाजवळचा प्रसंग. संबोधीनंतर तथागतांचा कल प्रथम उपदेश न करण्याकडे झुकला, आणि ब्रह्मा सहंपतीच्या विनवणीनंतर करुणेने जगाकडे पाहून ते उठले. बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हा प्रसंग गाळलेला नाही, ही लक्षणीय गोष्ट होय. तेथे त्या क्षणी हस्तक्षेप न करणे हा पर्याय खरोखर समोर होता, आणि तो नाकारला गेला. त्याच ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात युद्ध पेटू पाहते तेव्हा सिद्धार्थ संघाच्या सभेत उभा राहतो. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्यांनी पाचवा निवडावा आणि निवाडा करावा, असे सुचवितो. बहुमत विरुद्ध गेल्यावर परिव्रज्या पत्करतो. त्याच्या हाती सत्ता नव्हती. तो अंतराळातून आला नव्हता. तो त्याच सभेचा सभासद होता.

परंतु आमच्या बाजूचे तेवढे सांगून अडचणीचे झाकून ठेवणे योग्य नाही. धम्मपदाच्या अट्ठकथेत विडूडभाची कथा आहे. शाक्यांनी केलेल्या अपमानाचा सूड घेण्यासाठी तो सैन्य घेऊन निघतो. तीन वेळा तथागत त्याच्या वाटेवर विरळ सावलीच्या झाडाखाली जाऊन बसतात आणि तो परत फिरतो. चौथ्या वेळी ते जात नाहीत. शाक्यांचा संहार होतो. कारण असे दिले आहे की शाक्यांनी पूर्वजन्मी नदीत विष कालविले होते, आणि त्या कर्माचे फळ टळणारे नव्हते. वर्गात ही कथा निघाली तेव्हा काही काळ कोणी बोलले नाही. विश्वाच्या योजनेची भाषा करणारा तो नौकेवरील अधिकारी आणि हा अट्ठकथाकार एकाच बाकावर बसलेले दिसू लागले. पूर्वकर्माची उपपत्ती माणसाच्या दैन्याची जबाबदारी समाजावरून व राज्यावरून काढून घेते, म्हणून ती बुद्धाची असू शकत नाही, असा बाबासाहेबांचा निर्णय आहे. आम्ही त्याच्याशी सहमत आहोत. विडूडभाच्या कथेतील तीन वेळांचे जाणे आम्हांस तथागतांचे वाटते. चौथ्या वेळेचे स्पष्टीकरण अट्ठकथाकाराचे वाटते. घडलेल्या संहाराला अर्थ देण्याची ज्याला निकड होती त्याने ते जोडले असावे. हे आमचे मत आहे. जाणकारांनी त्याचे खंडन केल्यास आम्ही ते येथेच छापू.

जानेवारी २००२ मध्ये प्रसारित झालेल्या ‘डिअर डॉक्टर’ या भागाने आमच्यातील तरुणांना वेगळ्याच पेचात टाकले. एका ग्रहावर दोन मानवजाती आहेत. व्हलाकियन प्रबळ, सुशिक्षित. मेंक त्यांच्या आश्रयाने, निकृष्ट जमिनीवर राहणारे. व्हलाकियनांना एक आनुवंशिक रोग जडला आहे आणि ते हळूहळू नाहीसे होणार आहेत. नौकेच्या डॉक्टरला उपाय सापडतो. पण मेंक बुद्धीने वर येत आहेत, व्हलाकियन वाचले तर त्यांना संधी मिळणार नाही, म्हणून निसर्गाच्या क्रमात पडू नये, असे तो कप्तानाला पटवितो. केवळ वेदना कमी करणारे औषध देऊन नौका जाते. आमच्या वर्गातील दोघा-तिघांनी टाळ्याच वाजविल्या. या वेळी तरी हस्तक्षेप न करण्याचा लाभ दबलेल्यांना झाला, असे त्यांचे म्हणणे.

आम्हांला ते मान्य होऊ शकले नाही, आणि सर्वाधिक वेळ आम्ही येथेच घालविला. मेंकांना कोणी विचारलेही नाही. त्या सबंध भागात आपल्या धन्यांचा मृत्यू व्हावा असे एकही मेंक म्हणत नाही. रोग्याचे औषध खिशात ठेवून त्याच्या मरणावर दुसऱ्याची मुक्ती उभारणे हे त्या मुक्त होणाऱ्यालाच कमी लेखणे आहे. तो आपल्या पायांवर तळ्यापर्यंत चालून जाईल, असा विश्वास त्यात नाही. बाबासाहेबांनी महाडच्या सवर्णांचा नाश इच्छिला नव्हता. हल्ल्याच्या दिवशी चिडलेल्या आपल्या माणसांना त्यांनीच आवरले होते. औषध द्यावयास हवे होते, आणि त्याच दिवशी जमिनीची गोष्टही काढावयास हवी होती. एक तरुण अखेरपर्यंत आमच्या विरोधात राहिला. धन्याने औषध घेतल्यावर जमिनीची गोष्ट कोण ऐकतो, असे तो विचारीत होता. त्याच्या गावातील अनुभवापुढे आमचे शब्द अपुरे पडले हे कबूल केले पाहिजे.

राहिला आजींचा प्रश्न. त्या मुलीची स्मृती पुसली ती नियमाची अब्रू राखण्यासाठी. ग्रह वाचला, पण आपण हाक मारली होती आणि ती ऐकली गेली, हे तिला कधीच कळणार नाही. पुढे कोणी तिला विचारले तर ती म्हणेल, भूकंप आपोआप थांबले. १९९४ च्या एका भागात तर याच्या उलट घडते. हवा नाहीशी होत चाललेला एक ग्रह नौकेवरील अधिकारी स्तब्ध उभे राहून मरताना पाहतात, आणि एका संशोधकाने नियम मोडून चोरून वाचविलेल्या गावातील एका माणसाला सत्य कळते तेव्हा त्याला ते सोसत नाही. तो आत्महत्या करतो. लेखकांचा आशय असा दिसतो की खालच्या माणसाला स्मृती पेलत नाही. आजींचे वडील डिसेंबर १९२७ च्या परिषदेस चालत गेले होते, असे त्यांच्या घरात सांगतात. तळ्याचे पाणी त्यांना त्या वेळी मिळाले नाही. पण घरातील प्रत्येक पोराला ते त्या वाटेतील मुक्काम एकेक करून सांगत, कोठे भाकरी मिळाली, कोठे दार लावून घेतले, हेही सांगत. आजींना ते सारे मुक्काम आजही पाठ आहेत, आणि त्या रविवारी त्यांनी ते वर्गात सांगितले. मोबाइलवरील तो भाग अर्धाच पाहून झाला होता. तो पुढे कोणी लावला नाही.